ठाणे-नवी मुंबईतल्या फ्लॅटसाठी गालिचा घेताना आधी पाठ बघा

हॉलसाठी चांगला गालिचा मागितला की दुकानात बहुधा हँड-टफ्टेड लोकरीचा गालिचा पुढे येतो. तो देखणा असतो, पायाला मऊ लागतो. तरीही ज्या घरात मुलं, आजी-आजोबा आणि कामाच्या मावशी यांची दिवसभर ये-जा असते, तिथे आम्ही तो सुचवणार नाही.

टफ्टेडमधली लोकर विणलेली नसते. ती कापडात टोचून मागून लॅटेक्सने, म्हणजे रबरी चिकटवणीने, चिकटवतात आणि वर दुसरं कापड लावून झाकतात. आपल्याकडच्या दमट हवेत हे लॅटेक्स वास धरतं आणि कालांतराने त्याचा भुगा होतो. गालिच्याखाली लादीवर पिवळट पूड दिसली की समजावं, चिकटवणी सुटायला लागली. असा गालिचा धुतला तर आतल्या थरातलं पाणी लवकर सुकत नाही आणि कुबट वास बसतो. म्हणून दुकानातच गालिचा उलटा करा. मागे सलग कापड असेल तर टफ्टेड. मागेही नक्षी स्पष्ट दिसत असेल तर विणलेला.

आमची पसंती मशीनवर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या धाग्याच्या) गालिच्याला आहे, लव, म्हणजे वरचे उभे धागे, ६ ते १० मिलिमीटर उंच. गालिचा मागच्या बाजूला दुमडून लवेत डोकावा. तळ सहज दिसला तर वीण विरळ आहे आणि चालण्याच्या वाटेवर लव लवकर चपटी होईल. जाड, लांब लवेच्या शॅगी गालिच्यात चिवड्याचे कण आणि धूळ तळाशी बसतात, व्हॅक्यूमने नीट निघत नाहीत.

पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे चहा-सरबत पटकन टिपलं तर डाग राहत नाही. तेल मात्र हा धागा धरून ठेवतो, म्हणून डायनिंग टेबलाखाली तो नको. शिवाय तो साधारण १६० अंशांवर वितळतो. उदबत्तीचं टोक पडलं, इस्त्री टेकली किंवा जड सोफा ओढला तरी चकाकणारा चट्टा उमटतो आणि तो कायमचा असतो. फर्निचर उचलूनच हलवा.

ज्यूट इथे घेऊच नये. ओला झाला की तपकिरी डाग येतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते. मुलांच्या खोलीत सुती सतरंजी उत्तम: दोन्ही बाजूंनी वापरता येते, घरी धुता येते. घेण्यापूर्वी ओलं पांढरं फडकं गडद रंगावर घासा. रंग लागला तर ती नाकारा.

व्हिट्रिफाइड लादीवर गालिचा सरकतो, आणि वयस्कर माणसं घरात असतील तर हे फार धोक्याचं आहे. खाली जाळीचं अँटी-स्लिप मॅट हवंच, चारही बाजूंनी इंचभर आत कापलेलं. ते उचलून लादी अधूनमधून पुसा. हलक्या प्रतीच्या रबराचे डाग लादीवर बसतात.

देखभालीत आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम, लोकर असेल तर फिरता ब्रश बंद ठेवून. महिन्यातून एकदा उलट्या बाजूनेही, कारण धागा कापते ती तळाशी बसलेली बारीक वाळू. दर चार महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवा, म्हणजे बाल्कनीचं ऊन आणि पायांची वाट एकाच जागी पडत नाही.

काही सांडलं तर घासू नका. सुक्या सुती फडक्याने डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपा. मग एक कप कोमट पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड मिसळून फडकं ओलं करून टिपा, शेवटी साध्या पाण्याने. हळदीच्या डागाला कपड्यांचा साबण किंवा सोडा लावला की तो लाल होतो. आधी पिवळा भाग टिपून काढा. उरलेला रंग उन्हाने फिका पडतो. लोकरीवर ब्लीच कधीच नको, ते धागाच खातं.

जून ते सप्टेंबर लोकरीचा किंवा सुती गालिचा वापरात नसेल तर पूर्ण सुकवून, घडी न घालता गुंडाळून सुती चादरीत ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधला तर आतला ओलावा आतच राहतो.