बिटवर्डन: छोट्या संस्थेचे पासवर्ड सांभाळताना

आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे सगळे पासवर्ड अनेक वर्षे कपाटातल्या एका वहीत लिहिलेले असत, आणि ईमेल, संकेतस्थळ, वीजबिल व सभासदांची यादी या चारही ठिकाणी थोड्याफार फरकाने एकच पासवर्ड चालत असे. चिटणीसपद माझ्याकडे आले तेव्हा त्या पानाचे फोटो कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहेत, हे कोणालाच सांगता येईना. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आपण विश्वासाने मागून घेतो, त्यामुळे ही अवस्था मला असह्य वाटली आणि मी बिटवर्डन हे पासवर्ड सांभाळणारे ॲप वापरायला घेतले.

बिटवर्डन २०१६ पासून उपलब्ध आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ प्रोग्रॅम, जाणकारांना तपासता येतो आणि वैयक्तिक वापराच्या मोफत योजनेत पासवर्डच्या किंवा उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही. आपली माहिती आपल्याच फोनवर किंवा संगणकावर एईएस-२५६ या पद्धतीने कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलते, आणि मगच कंपनीच्या सर्व्हरवर जाते. संकेतस्थळांचे पत्तेसुद्धा त्यातून सुटत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण २०२२ मध्ये लास्टपास या अशाच सेवेच्या ग्राहकांच्या पासवर्ड-साठ्याच्या प्रती चोरीला गेल्या तेव्हा पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. कोणाचे खाते कोणत्या बँकेत आहे एवढे कळले, तरी भामट्याला पटण्यासारखा खोटा ईमेल लिहिता येतो.

रोजच्या वापरात मला सर्वांत मोलाची वाटते ती आपोआप पासवर्ड भरण्याची सोय. पत्त्यातले एखादे अक्षर बदललेले बनावट पान आपल्या डोळ्यांना खरे वाटते. बिटवर्डन मात्र नोंदवलेल्या पत्त्याशी ताडून पाहते आणि तो जुळला नाही तर पासवर्ड सुचवतच नाही. अशा वेळी घाईने हाताने पासवर्ड टाकू नये, आधी पत्ता वाचावा.

संस्थांसाठीची मोफत सोय दोनच व्यक्तींपुरती आहे. चिटणीस आणि खजिनदार एवढ्यांचे त्यात भागते. तिसरा माणूस जोडायचा तर पैसे भरावे लागतात. मात्र कार्यकारिणी बदलल्यावर जुन्या पदाधिकाऱ्याचे नाव काढून टाकले, की काम झाले असे समजू नये. त्याने पाहिलेला पासवर्ड त्याला ठाऊकच असतो, त्यामुळे त्या दिवशी प्रत्येक पासवर्ड बदलायलाच हवा. आम्ही हे काम आता पदभार सोपवण्याच्या यादीत घातले आहे.

मास्टर पासवर्ड, म्हणजे बिटवर्डन उघडण्याचा मुख्य पासवर्ड, विसरला तर कंपनी तो परत मिळवून देऊ शकत नाही. माहिती तिलाही वाचता येत नसल्यामुळे हे अटळ आहे, पण वयस्कर पदाधिकाऱ्यांना ही अट जड जाते. रिकव्हरी कोडबद्दलही गैरसमज होतो: त्याने दोन टप्प्यांची पडताळणी (मास्टर पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय) बंद करता येते, मास्टर पासवर्ड मिळत नाही. शिवाय ही पडताळणी चालू नसेल, तर नव्या उपकरणावर प्रवेश करताना ईमेलवर आलेला कोड मागितला जातो. त्या ईमेलचा पासवर्ड फक्त बिटवर्डनमध्येच ठेवला असेल, तर दोन्हीकडून दार बंद होते. म्हणून आम्ही आमचे मास्टर पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून, लिफाफे मोहोरबंद करून, अध्यक्षांच्या सहीने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत.