बारीक माशांसाठी ३.६ मीटरची बिनरिळाची काठी: घ्यावी, पण दोरी-गळ बदलून

उल्हास किंवा काळू नदी, नाहीतर पनवेलकडचं गाढेश्वर धरण. गोड्या पाण्यात एका दिवसात जास्तीत जास्त जाती गरवायच्या असतील तर रिळाचा रॉड घरी ठेवा. रोहू-कटल्याचा गळ दांडवणीसारख्या बारीक माशाच्या तोंडात मावतच नाही. ही टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची काठी हलकी आहे, पाठीवरच्या पिशवीत बसते आणि बोटभर मासा लागला तरी हाताला कळतं.

सोबत आलेली दोरी आणि गळ मात्र निकामी. मुख्य दोरी ०.१४ मिलिमीटरची, खालचा हातभर तुकडा ०.१० चा आणि गळ १६ किंवा १८ नंबरचा लावा. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, मासा फारशी जखम न होता सुटतो. खालचा तुकडा मुद्दाम बारीक: मोठी चिलापी (तिलापिया) लागली तर तो तुटतो, काठीचं टोक वाचतं. सगळी दोरी काठीपेक्षा वीतभर आखूड असली की मासा थेट हातात येतो. फ्लोटला, म्हणजे दोरीवरच्या तरंगत्या खुणेला इतकं शिसं द्या, की फक्त त्याचं टोक पाण्यावर राहील. नाहीतर बारीक मासा आमिष चोरतो आणि पत्ताही लागत नाही.

आमिषाला गांडुळाचा तांदळाएवढा तुकडा पुरतो. कणीक वापरलीत तर घट्ट मळा, त्यात थोडा कापूस पिंजून घाला. सैल कणीक पाण्यात पडताच विरघळते.

काठीचा खरा दोष सांध्यांत आहे. गाळाचं पाणी आत गेलं की तुकडे अडकतात. मग जोर लावून ढकलू नका, नळीची भिंत तडकते. बुडाचं झाकण काढून तुकडे वेगळे करा, धुवा, सावलीत वाळवा. टोकाची लिलियनची दोरीही (काठीला चिकटवलेला विणीव तुकडा, मुख्य दोरी त्याला बांधतात) दुकानातच ओढून बघा, डिंक कच्चा असतो.

मासा ओल्या हातात धरा आणि नीट बघा, कारण जाती इथंच निसटतात. शेपटीवर उभे पट्टे असलेली चिलापी नाईल, नसलेली बहुधा मोझांबिक; दोन्हींना सरसकट चिलापी म्हटलं तर एक जात हुकली. दांडवणीच्या अंगावर लांबलचक काळा पट्टा असतो. शिंगटीचे (मिशांचा मासा) पाठीचे आणि छातीचे काटे टोचतात, गळ पक्कडीनंच काढा.

नेरूळ-बेलापूरच्या धारण तलावांत खाडीचं पाणी येतं, गोड्या पाण्याच्या यादीसाठी ते बाद. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे गळ नकोच. ठाण्यातल्या तलावांवर आधी परवानगी आणि मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घेऊन चढतात, ते दिवस सोडून द्या. कार्बनची काठी विजेच्या तारांखाली उघडू नका, त्यातून करंट जातो. नदीकाठी तारा खाली लोंबतात, तिथे फायबर ग्लासची सुद्धा नको.