परदेशात देशाच्या राजकारणाबद्दल विचारलं तर: टाळावं, लढावं की सांगावं?

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी पुण्याहून ३८ जणांचा ग्रुप घेऊन युरोपला गेले होते. पुण्याचं मतदान १३ मेला झालं होतं. माझ्या डाव्या तर्जनीवरची शाई कातडीवरून फिकट झाली होती, पण नखावर तशीच काळी होती. फ्रँकफर्टच्या हॉटेलात खोल्यांची कार्डं मोजून घेताना रिसेप्शनवरच्या मुलीचं बोटाकडे लक्ष गेलं. काही लागलंय का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, मत देऊन आलेय. तिचा पुढचा प्रश्न लगेच आला: मग कोण जिंकणार, आणि तुम्हाला कोण जिंकायला हवंय? माझ्या मागे रांगेत ३८ जण बॅगा धरून उभे होते, आणि निम्मे तरी कान देऊन ऐकत होते.

सोळा वर्षं मी टूर लीडरचं काम करते आहे. निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये पूर्वी लोक थर्मल किती घ्यायचे, खाकरे चालतील का, एवढंच विचारायचे. आता दर मीटिंगला कुणीतरी विचारतंच, की तिकडे कुणी आपल्या राजकारणावरून छेडलं तर काय बोलायचं? उत्तर एकच नाही. पण पर्याय मोजकेच आहेत आणि कुठला कुठे चालतो हे मी बऱ्यापैकी पाहिलंय.

पहिला पर्याय टाळण्याचा: ‘मला राजकारणातलं फारसं कळत नाही.’ दुसरा लढण्याचा: विचारणारा जणू देशावर चालून आलाय असं समजून वकिली करायची. याचंच उलटं रूप म्हणजे माफीचा साक्षीदार होणं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपल्या देशाबद्दल तो म्हणेल ते कबूल करत जायचं. तिसरा सांगण्याचा: माहिती द्यायची, स्वतः पाहिलेलं सांगायचं आणि मत विचारलं तर ते ‘माझं मत’ म्हणून द्यायचं. चौथा उलट विचारण्याचा: ‘आणि तुमच्याकडे?’ माझा कल तिसऱ्याकडे आहे हे आधीच सांगते. तरी तो सगळीकडे चालत नाही.

जिथे टाळणंच बरोबर

विमानतळावर शिक्का मारणारा अधिकारी गप्पा मारायला बसलेला नसतो. कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, या पलीकडे त्याने हसत हसत काही विचारलं तरी उत्तर एका वाक्यात संपवा. तिथे तुमचं मत कितीही योग्य असलं तरी त्याचा उपयोग शून्य, आणि अधिकार सगळा त्याच्याकडे. हीच गोष्ट व्हिसाच्या अर्जाची. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्मवर २०१९ पासून सोशल मीडियावरच्या खात्यांची नावं द्यावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. म्हणजे तिथे तुमचं उत्तर तुम्ही बोलण्याआधीच वाचलेलं असू शकतं. खोटं बोलू नका, काही लपवू नका, पण खिडकीपाशी नवा विषयही काढू नका.

दुबईची टॅक्सी हे दुसरं ठिकाण. चालक बऱ्याचदा पाकिस्तानी असतो, आपलं हिंदी आणि त्याची उर्दू सहज जुळतात, आणि पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटायला लागतं. मला अशा चालकांनी रात्री दोन वाजता हॉटेल शोधून दिलंय, ग्रुपमधल्या आजींची व्हीलचेअर स्वतः उचलून डिकीत ठेवलीय. पण तिथे अफवा आणि सायबर गुन्ह्यांबद्दलचा २०२१ चा कायदा कडक आहे. टॅक्सीतल्या वादाचा व्हिडिओ काढून कुणी पुढे पाठवला तर तो वाद टॅक्सीपुरता राहत नाही. चालकाची नोकरी आणि त्याचा तिथला मुक्काम दोन्ही त्यावर अवलंबून असतात. त्याच्या गावाबद्दल विचारा, मुलं काय शिकतात ते विचारा. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर तर मी ग्रुपला स्पष्टच सांगते: टॅक्सीत काश्मीर नको, क्रिकेट चालेल.

अशा ठिकाणी टाळायचं म्हणजे ‘मला कळत नाही’ असं म्हणायचं, असं मात्र नाही. ते खोटं असतं आणि समोरच्यालाही ते कळतं. ‘हा विषय मोठा आहे, प्रवासात नको’ हे खरं आहे आणि सभ्यही.

लढण्याची किंमत

त्याच सहलीतला एक प्रसंग सांगते. ब्लॅक फॉरेस्टमधून टिटिसे तलावाकडे जाताना जर्मन गाइडने माइकवरून विचारलं, तुम्ही एवढे लोक यंत्रावर मतदान करता, ते मोजलं कसं जातं हे मतदाराला कळतं का? प्रश्न साधा होता. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये असा निकाल दिला होता, की २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रं घटनेत बसत नव्हती, कारण तज्ज्ञ नसलेल्या नागरिकाला मतमोजणी स्वतः तपासता येत नव्हती. ते लोक कागदावरच मत देतात. तिच्या दृष्टीने हा कुतूहलाचा विषय होता.

पुढच्या सीटवरचे एक काका उसळले. आमच्या देशावर संशय घेणाऱ्या तुम्ही कोण, असं इंग्रजीतून म्हणाले. मागून दुसरे काका मराठीत म्हणाले, संशय आहेच, मग तो बोलून दाखवला तर बिघडलं कुठे? गाइड बिचारी माइक हातात धरून उभी. सांगलीच्या एका ताईंनी भडंगाचं पाकीट फिरवायला दिलं होतं, ते नवव्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर अडकलं ते टिटिसे येईपर्यंत पुढे सरकलंच नाही. दोघं काका उरलेले सहा दिवस वेगवेगळ्या टेबलांवर जेवले.

लढण्याने हे होतं. समोरच्या परक्या माणसाला काहीच कळत नाही, आणि आपल्याच माणसांत फूट मात्र पडते. शिवाय वकिलाने आधी आपला कागद नीट वाचलेला असायला हवा. पहिल्या काकांना व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून छापून येणारी, चिठ्ठी किती वेळ दिसते हे माहीत नव्हतं. दुसऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने महिनाभरापूर्वीच या विषयावर निकाल दिलाय हे माहीत नव्हतं.

त्याच प्रश्नाचं सांगण्याच्या पद्धतीचं उत्तर मी तलावापाशी उतरल्यावर गाइडला दिलं, ते असं. आमच्याकडे यंत्र पहिल्यांदा १९८२ साली केरळमधल्या परावूर मतदारसंघात वापरलं, आणि २००४ पासून लोकसभेच्या सगळ्या जागांवर. यंत्र कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं. मत दिल्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजून आकडे ताडून पाहतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात अशी मागणी झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. ती मागणी करणारे लोक आजही आहेत. मग तिने विचारलं, तुमचा विश्वास आहे? मी म्हटलं, मी चिठ्ठी पाहिली, माझंच मत होतं. पण तुमच्या न्यायालयाने काढलेला मुद्दा मला बिनमहत्त्वाचा वाटत नाही. तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि आम्ही कॉफी घ्यायला गेलो.

यात देशाची मान खाली गेली नाही आणि कुणाची री ओढावी लागली नाही. सांगण्याचा मोठा फायदा हा, की ऐकणाऱ्याला नवीन काही मिळतं. सुमारे ९७ कोटी नोंदलेले मतदार, त्यातल्या सुमारे ६४ कोटींनी दिलेलं मत, १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्पे, गीरच्या जंगलात बाणेज इथे एका मतदारासाठी उभं केलेलं केंद्र, १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी शाई: हे ऐकून माणूस पुढे सरसावून बसतो. रिसेप्शनवरच्या त्या मुलीलाही मी शाईचंच सांगितलं. कोण जिंकणार याचं उत्तर द्यायची वेळ आली नाही.

जिथे माहितीही पुरत नाही

शेजारच्या देशांत मात्र सावध व्हा. काठमांडूत एका गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी मला विचारलं, तुम्ही आमचा गॅस का बंद केला होता? त्या २०१५ बद्दल बोलत होत्या. एप्रिलमध्ये भूकंप झालेला, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना लागू झाली आणि त्यानंतर काही महिने सीमेवरून माल येणं जवळपास थांबलं. आम्ही नाकाबंदी केलेली नाही, तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या, आंदोलनामुळे ट्रक अडले, असं भारत सरकारचं म्हणणं होतं. ते मला माहीत होतं आणि माझ्या ओठांवरही आलं होतं. पण त्या मागच्या अंगणात बोट दाखवून सांगत होत्या, की इथे चूल मांडून आम्ही पाहुण्यांचा स्वयंपाक केला, आणि सासूबाईंचे डोळे धुराने बिघडले.

तिथे माहिती दिली असती तर ती वकिलीच झाली असती. मी ऐकून घेतलं, सासूबाई आता कशा आहेत ते विचारलं. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे तेव्हा काय सांगत होते? मग मी सांगितलं. ज्याला आपल्या देशाच्या धोरणाची झळ बसलीय असं वाटतं, त्याच्यासमोर आधी ऐकणं, मग सांगणं. श्रीलंकेत जाफन्याकडे गेलात तर १९८७ ते १९९० या काळातल्या भारतीय शांतिसेनेबद्दल असाच प्रश्न येईल. ऑगस्ट २०२४ नंतर बांगलादेशी माणूस भेटला तर शेख हसीना भारतात का, हे विचारणारच.

उलट विचारण्याचा धोका

‘आणि तुमच्याकडे?’ हा पर्याय सगळ्यांना सोपा वाटतो. ब्रिटनमध्ये, नेदरलँड्समध्ये तो उत्तम चालतो, लोक आपल्या सरकारबद्दल तासभर बोलतात. पण हा प्रश्न विचारून तुम्ही सुटता आणि समोरचा अडकतो, अशीही ठिकाणं आहेत. थायलंडमध्ये फौजदारी कायद्याच्या कलम ११२ खाली राजघराण्याच्या अवमानाला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. तिथल्या गाइडला ‘तुमच्या राजाबद्दल लोकांना काय वाटतं’ असं बसमध्ये सगळ्यांसमोर विचारणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. व्हिएतनाममध्येही हा प्रश्न गिळून टाका. आपल्याला मोकळं बोलता येतं म्हणून समोरच्यालाही येत असेल, असं धरून चालू नये.

जातीचा प्रश्न

हा सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात वाईट उत्तरं यालाच दिली जातात. लंडनमध्ये प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. ग्रुपमध्ये कुणी म्हटलं की मी तिथे नेते. एकदा आमची इंग्रज गाइडही आत आली, सगळं वाचलं आणि बाहेर पायरीवर विचारलं, मग आता जात संपली का?

एक जण चटकन म्हणाले, हो, आता तसं काही राहिलेलं नाही. ग्रुपमध्ये मराठवाड्यातले एक निवृत्त शिक्षक होते, आठ दिवसांत फारसे न बोललेले. ते सावकाश, मोडक्या इंग्रजीत म्हणाले, शाळेत मला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. माझ्या मुलीला असं कुणी दिलं नाही. पण भाड्याने घर बघायला गेली, तेव्हा आडनाव विचारलं. एवढंच बोलून ते त्या घराच्या दाराकडे बघत राहिले. गाइडने काही विचारलं नाही. मगाशी ‘काही राहिलेलं नाही’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी त्यांची पिशवी हातात घेतली आणि दोघं बसपर्यंत बरोबर चालत गेले.

इथे टाळणंही चूक आणि लढणंही चूक, असं माझं ठाम मत आहे. २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली, म्हणजे विषय विमानात बसून आपल्याबरोबर तिकडेही पोचलाय. ज्यांनी सोसलं त्यांना बोलू द्या. ज्यांनी सोसलं नाही त्यांनी निदान ‘संपलं’ म्हणू नये.

आपलीच माणसं विचारतात तेव्हा

परदेशात राजकारणावरून सर्वात नेट लावून विचारणारी माणसं मराठीच असतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेलात, की मोदक संपायच्या आत २०२२ ची शिवसेनेतली फूट आणि २०२३ ची राष्ट्रवादीतली फूट ताटात येते, आणि ‘तुम्ही कुणाचे’ हे सरळ विचारलं जातं. तिथे माहिती सांगून उपयोग नाही, सगळ्यांना सगळी माहिती असते. उलट विचारणं चालतं. मी विचारते, तुम्ही मत द्यायला येता का? भारतीय पासपोर्ट असलेल्याला परदेशातला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष आपल्या केंद्रावर यावं लागतं. बहुतेकांना रजेचं, तिकिटाचं गणित जमत नाही आणि त्याची खंत त्यांना खरोखर असते. मग बोलणं पक्षावरून गावाकडे, आई-वडिलांकडे वळतं.

शिकायला किंवा नोकरीला चाललेल्या मुलांचा हिशेब आमच्यापेक्षा वेगळा. आम्ही दहा दिवसांत परत येतो, त्यांना त्याच लोकांबरोबर दोन वर्षं स्वयंपाकघर वाटून घ्यायचं असतं. त्यांनी पहिल्या महिन्यात ऐकावं आणि सांगावं, आणि ओळख मुरली की मत मोकळेपणाने द्यावं, कारण दोन वर्षं मत लपवून मैत्री होत नाही. माझा भाचा जर्मनीत आखनला शिकायला गेला तेव्हा त्याने हेच विचारलं होतं. मी त्याला मतदार यादीतलं आपलं नाव तपासायला सांगितलं, आणि पुढच्या वेळी मत दिल्यावर बोटाचा फोटो मला पाठवायला.