प्रवाळांची टाकी दुसऱ्यावर सोपवताना उपयोगी पडणारे ऑटो टॉप-ऑफ यंत्र

प्रवाळांची टाकी काही दिवस दुसऱ्याच्या हवाली करायची असेल, तर त्या व्यक्तीवर निर्णय घेण्याची वेळ येऊ नये, अशी व्यवस्था आधी करावी लागते. नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये टाकीतले पाणी झपाट्याने उडते, मीठ मात्र मागे राहते. त्यामुळे भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, आणि तीही थोडी थोडी.

कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून घेतलेले ऑटो टॉप-ऑफ यंत्र हे काम चोख करते. पातळी किंचित खाली गेली की ऑप्टिकल सेन्सर (प्रकाशाने पाण्याची पातळी ओळखणारा) आरओच्या बादलीतला पंप सुरू करतो, आणि सेन्सरने दगा दिलाच, तर त्याच्या वर बसवलेला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा खटका, पंप थांबवतो. ही दुहेरी सोय नसलेले स्वस्त यंत्र मी कुणालाही सुचवणार नाही, कारण गोडे पाणी जास्त गेले, तर खारेपणा ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) घसरतो आणि प्रवाळ मिटून घेतात. नळीचे तोंडही टाकीतल्या आणि बादलीतल्या, दोन्ही पाण्यांच्या पातळीवरच हवे, म्हणजे त्यांच्याहून उंच, नाहीतर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहते.

सेन्सरवर शेवाळ धरते, ही यंत्राची खरी उणीव. निघण्यापूर्वी तो पुसावाच लागतो. शेजारच्या काकूंकडे आता दोनच कामे उरतात: रोजच्या पुडीतले मोजलेले खाद्य घालणे आणि आरओच्या बादलीतले पाणी खुणेखाली गेले तर ती भरणे.