घरून सर्व्हरवर काम करताना फंक्शन की: पुट्टीचे एक परीक्षण

ज्यांचे रोजचे काम माऊसवर नव्हे, तर एफ-१ ते एफ-१२ या कळांवर चालते, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. कारखान्याचे स्टोअर, पतसंस्थेची खातेवही, वितरकाचे बिलिंग अशा अनेक ठिकाणी युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरवरचे, केवळ अक्षरांच्या पडद्याचे प्रोग्राम आजही वापरात आहेत. सरावलेला माणूस त्यांवर ज्या वेगाने नोंदी करतो, तो वेग नव्या रंगीत पडद्यांवर क्वचितच गाठता येतो, आणि या वेगाचे सारे श्रेय फंक्शन कींना आहे. मात्र हाच माणूस घरच्या लॅपटॉपवरून, व्हीपीएन जोडून, त्याच प्रोग्राममध्ये शिरला की नेमक्या या कळा दगा देतात. या कामासाठी विंडोजवर खूप वापरला जाणारा प्रोग्राम म्हणजे पुट्टी. तिच्यात इतर बरेच काही आहे, पण येथे तिला मी फक्त एका कसोटीवर घासून पाहणार आहे: घरून जोडल्यावर विशेष कळा ऑफिसातल्यासारख्या चालतात का, आणि चालत नसतील तर त्या चालवता येतात का.

पुट्टी सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामरने लिहिलेली आहे. ती पूर्णपणे मोफत असून एमआयटी या मुक्त परवान्याखाली मिळते, त्यामुळे ऑफिसच्या कामासाठीही पैसे मोजावे लागत नाहीत. ती टॅथम यांच्या स्वतःच्या पानावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्यावी, कारण तिच्या छेडछाड केलेल्या बनावट प्रती पूर्वी पसरवल्या गेल्या आहेत. जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे वापरण्याची सवयही येथे बरी नव्हे. ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांमध्ये विशिष्ट प्रकारच्या लॉगिन-किल्ल्यांबाबत (पासवर्डऐवजी वापरायच्या फाइलींबाबत) एक गंभीर त्रुटी होती आणि ती एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ या आवृत्तीने दूर झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या आवक नोंदीच्या पडद्यावर तळाशी एफ-२ जतन, एफ-३ शोध, एफ-४ यादी, एफ-१० बाहेर अशी ओळ असते. पुट्टी नुकतीच बसवून, तिच्या सेटिंगला हात न लावता, घरून जोडणी केली आणि वस्तूच्या कोडवर उभे राहून एफ-३ दाबले, तर शोधाची चौकट उघडत नाही. त्याऐवजी कोडच्या जागी १३ हा आकडा आणि त्यापुढे ~ असे चिन्ह उमटते. एफ-१० दाबले तर मात्र प्रोग्राम शहाण्यासारखा बाहेर पडतो. घाईत असलेल्या माणसाच्या ते चिन्ह लक्षात आले नाही आणि नोंद तशीच जतन झाली, तर तो कोड पुढे साठ्याच्या अहवालात कशाशीच जुळत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नसून हिशेबाच्या अचूकतेचा आहे, असे मी मानतो.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय उपाय लक्षात राहत नाही. एफ-३ नावाचे कोणतेही अक्षर सर्व्हरपर्यंत जात नाही. कळ दाबल्यावर एस्केप या अदृश्य अक्षराने सुरू होणारी काही अक्षरांची एक मालिका जाते, आणि कोणती मालिका म्हणजे कोणती कळ हे सर्व्हरकडच्या टर्मिनल-वर्णनात लिहिलेले असते. टर्मिनल म्हणजे सर्व्हरला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड; पुट्टी त्याचीच नक्कल करते. या मालिका जुन्या यंत्रांकडून आल्या आहेत. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर पीएफ-१ ते पीएफ-४ अशा चारच विशेष कळा होत्या आणि त्या एस्केप, ओ, पी पासून एस्केप, ओ, एस पर्यंतच्या मालिका पाठवत. पुढे १९८३ मध्ये आलेल्या व्हीटी-२२० वर फंक्शन कींची लांब रांग आली, पण तिच्यातल्या पहिल्या पाच कळा टर्मिनलच्याच घरगुती कामांसाठी राखलेल्या होत्या. सर्व्हरकडे संदेश जाई तो एफ-६ पासून पुढच्या कळांचा, आणि त्या संदेशाचे स्वरूप एस्केप, चौकोनी कंस, एक आकडा आणि ~ असे होते. एफ-५ चा आकडा १५, एफ-६ चा थेट १७, एफ-१० चा २१ आणि एफ-११ चा २३ ही विचित्र मोजणी त्याच घराण्यातली आहे. पहिल्या चार कळांनी काय पाठवावे याबाबत मात्र पुढच्या काळात एकमत उरले नाही. आपल्याला भोवते ते नेमके हेच.

पुट्टीबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार याच ठिकाणी आहे. जोडणी होताना ती सर्व्हरला आपले नाव ‘एक्सटर्म’ असे सांगते, जे युनिक्सवरच्या एका जुन्या टर्मिनल-प्रोग्रामचे नाव आहे. एक्सटर्मच्या वर्णनानुसार एफ-१ ते एफ-४ या कळांनी व्हीटी-१०० च्या धर्तीची, म्हणजे ओ आणि पी वगैरे अक्षरांची मालिका पाठवायला हवी, पण पुट्टीच्या मूळ सेटिंगमध्ये या कळा ११ ते १४ हे आकडे पाठवतात. एफ-५ पासून पुढे दोन्हींचे जुळते, म्हणून एफ-१० चालते आणि एफ-३ चालत नाही. सांगायचे एक नाव आणि वागायचे दुसऱ्या नावाप्रमाणे, ही विसंगती इतक्या वर्षांत मूळ सेटिंगमधून काढली जायला हवी होती. काही प्रोग्राम दोन्ही प्रकारच्या मालिका ओळखतात, त्यामुळे एका ठिकाणी कळ चालते, दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, आणि माणूस विनाकारण कीबोर्डला दोष देत बसतो.

उपाय मात्र पुट्टीतच आहे, आणि तो उत्तम आहे. सेटिंगच्या खिडकीत डाव्या बाजूला ‘टर्मिनल’ खाली ‘कीबोर्ड’ हा विभाग आहे. तेथे फंक्शन कींसाठी अनेक पर्याय दिलेले आहेत आणि त्यांपैकी ‘एक्सटर्म आर-६’ निवडला की पहिल्या चार कळा एक्सटर्मप्रमाणे वागू लागतात. बहुतेक लिनक्स सर्व्हरसाठी एवढा एकच बदल पुरतो. दुसरा मार्ग उलट दिशेचा आहे: ‘कनेक्शन’ खालच्या ‘डेटा’ विभागात टर्मिनलचे नाव ‘एक्सटर्म’ ऐवजी ‘पुट्टी’ असे लिहायचे, म्हणजे सर्व्हर पुट्टीचे स्वतःचे वर्णन वापरतो. हा मार्ग तर्काला अधिक धरून असला, तरी ते वर्णन प्रत्येक सर्व्हरवर बसवलेले असतेच असे नाही. डेबियनसारख्या लिनक्समध्ये ते वेगळ्या पॅकेजमधून घ्यावे लागते, आणि ते नसेल तर पडदाच नीट उघडत नाही. सर्व्हरला हात लावण्याचा अधिकार ज्यांना नाही, त्यांनी पहिलाच मार्ग धरावा.

कोणता पर्याय आपल्याला लागू पडेल हे ओळखण्यासाठी कोणत्या कळा अडतात याकडे नीट पाहावे. फक्त एफ-१ ते एफ-४ अडत असतील तर ‘एक्सटर्म आर-६’ हे उत्तर आहे. एफ-१ ते एफ-५ अशा पाच कळा अडत असतील आणि सर्व्हरवर टर्मिनलचे नाव ‘लिनक्स’ ठेवलेले असेल तर ‘लिनक्स’ हा पर्याय घ्यावा. बाराच्या बारा कळा अडत असतील आणि पलीकडे जुने एससीओ युनिक्स असेल तर ‘एससीओ’ निवडावा, कारण त्या प्रणालीत एफ-१ पासून एफ-१२ पर्यंत आकडे नसतातच, तर एम पासून एक्स पर्यंतची इंग्रजी अक्षरे जातात, आणि शिफ्ट किंवा कंट्रोल सोबत दाबल्यास त्यापुढची. एससीओच्या बाबतीत टर्मिनलचे नावही तेथील पद्धतीप्रमाणे ‘अ‍ॅन्सी’ असे बदलावे लागते. शिफ्टसह फंक्शन की वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मूळ सेटिंगमध्ये शिफ्ट आणि एफ-१ मिळून जे जाते तेच एकट्या एफ-११ ने जाते, त्यामुळे प्रोग्रामला या दोहोंत फरक करता येत नाही. नव्या आवृत्त्यांतील ‘एक्सटर्म २१६+’ हा पर्याय शिफ्ट, आल्ट आणि कंट्रोल यांची वेगळी नोंद पाठवतो, पण पलीकडचा प्रोग्राम ती ओळखणारा हवा.

खात्री करून घेण्याची एक सोपी रीत आहे. लॉगिन झाल्यावर, प्रोग्राममध्ये शिरण्यापूर्वी, शेलच्या, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या, ओळीवर कंट्रोल-व्ही दाबावे आणि लगेच हवी ती फंक्शन की दाबावी. कळ जे पाठवते ते जसेच्या तसे पडद्यावर दिसते. पुट्टीची मला विशेष आवडलेली सोय येथे उपयोगी पडते. खिडकीच्या शीर्षपट्टीवर उजवी क्लिक करून ‘चेंज सेटिंग्ज’ घेतले की जोडणी न तोडता कीबोर्डचा पर्याय बदलता येतो आणि त्याच क्षणी पुन्हा तपासता येतो. टर्मिनलचे नाव मात्र जोडणी सुरू होताना एकदाच कळवले जाते, त्यामुळे ते बदलायचे असेल तर बाहेर पडून पुन्हा यावे लागते.

हिशेबाचे काम करणाऱ्यांना फंक्शन कींपेक्षाही जास्त छळणारी गोष्ट म्हणजे उजवीकडचे आकड्यांचे कीपॅड. काही प्रोग्राम सुरू होताच टर्मिनलला ‘अ‍ॅप्लिकेशन कीपॅड’ या अवस्थेत जाण्याची आज्ञा देतात, आणि पुट्टी ती इमानदारीने पाळते. मग कीपॅडवरचा ७ दाबला तर ७ उमटत नाही, भलतेच अक्षर उमटते किंवा कर्सर उडी मारतो, आणि नम लॉक दाबून पाहावे तर ती कळही या अवस्थेत पीएफ-१ झालेली असते. रकमा भरणाऱ्याचा उजवा हात त्यामुळे अक्षरशः बांधला जातो. ‘टर्मिनल’ खालच्या ‘फीचर्स’ विभागात ही अवस्था बंद करण्याची पहिल्या काही ओळींतच खूण आहे. ती केली की आकडे आकड्यांसारखे चालतात. ज्यांच्या प्रोग्रामला कीपॅडच्या विशेष मालिका खरोखरच लागतात त्यांनी ही खूण करू नये, पण असे प्रोग्राम थोडे आहेत.

घरच्या जोडणीचा स्वतःचा असा एक दोषही आहे, आणि त्याला पुट्टी जबाबदार नाही. एस्केप हे अक्षर मिळाल्यावर प्रोग्राम क्षणभर थांबून पाहतो की पुढे आणखी काही येते आहे, की माणसाने नुसती एस्केपची कळ दाबली आहे. मालिका सहसा एकाच पाकिटातून जाते, म्हणून अडचण क्वचित येते. पण मधे आणखी एखादा सर्व्हर किंवा टीमक्ससारखा, एका जोडणीत अनेक पडदे चालवणारा, प्रोग्राम असेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडणी अडखळत असेल, तर मालिका तुटून पोहोचू शकते. मग एफ-५ दाबल्यावर प्रोग्राम ते एस्केप समजून चालू नोंद रद्द करतो आणि उरलेली अक्षरे पुढच्या रकान्यात पडतात. एनकर्सेस या अक्षरांचे पडदे रचणाऱ्या संचावर बांधलेल्या प्रोग्रामांत ही थांबण्याची वेळ मुळात १००० मिलिसेकंद असते आणि ‘एस्कडिले’ या चलाने ती बदलता येते. कोणी तत्परता वाढवण्यासाठी ती फार कमी करून ठेवली असेल, तर घरून काम करणाऱ्यांसाठी ती पुन्हा वाढवायला सांगावे.

विंडोजशी होणारी ओढाताण पुट्टीने बऱ्यापैकी आवरली आहे. आल्ट-एफ-४ दाबल्यास खिडकी बंद होते, आणि प्रोग्राममध्ये तीच जोडी काही कामाची असेल तर अनर्थ होऊ शकतो. ‘विंडो’ खालच्या ‘बिहेविअर’ विभागात ती खूण काढता येते आणि ती काढावीच, असे माझे मत आहे. लॅपटॉपवर एफ-५ दाबताच पडद्याचा उजेड किंवा आवाज बदलत असेल, तर कळ पुट्टीपर्यंत पोहोचलेलीच नसते. अनेक लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून, आणि इतरांवर बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधून), वरची रांग खऱ्या फंक्शन कींची करता येते.

उणिवांमध्ये दोन मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, एकेका कळीला हवी ती मालिका नेमून देण्याची सोय पुट्टीत नाही. दिलेल्या पर्यायांपैकी एक संपूर्ण संच घ्यायचा, एवढेच हाती असते. एखादी कळ प्रोग्रामच्या लेखकाने स्वतःच्या मर्जीने ठरवलेली असेल, तर पुट्टी तेथे हात टेकते. विंडोज टर्मिनलमध्ये कळ दाबल्यावर कोणतीही अक्षरे पाठवण्याची आज्ञा सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिता येते, आणि अशा हट्टी प्रोग्रामसाठी मी त्याचीच शिफारस करीन, मात्र ती फाइल हाताळणे सर्वांना जमणारे नाही. दुसरी उणीव सेटिंग जतन करण्याच्या रीतीची आहे. कीबोर्डच्या विभागात बदल करून थेट ‘ओपन’ दाबले तर तो बदल त्या एका जोडणीपुरता राहतो. तो कायम करण्यासाठी ‘सेशन’ या पहिल्या विभागात परत येऊन, जतन केलेले नाव निवडून, ‘सेव्ह’ दाबावे लागते. नवख्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कळा पुन्हा अडल्या की त्याला वाटते, उपायच चुकीचा होता.

ज्या ऑफिसात अनेकजण घरून जोडतात तेथे प्रत्येकाला फोनवर हे विभाग शोधायला लावण्याची गरज नाही. जतन केलेली सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवण्याच्या तिच्या कोठारात), वापरकर्त्याच्या खात्याखाली, लेखकाच्याच नावाच्या भागात राहतात. एका संगणकावर सर्व काही नीट बसवून त्या भागाची फाइल काढली आणि ती इतरांच्या संगणकांवर उघडली, की तीच जोडणी त्याच कळांसह तेथे तयार होते. पुट्टी लॉगिनचा पासवर्ड जतन करत नाही, त्यामुळे तो त्या फाइलमधून फिरण्याचा धोका नाही, पण सर्व्हरचा पत्ता आणि वापरकर्त्याचे नाव तिच्यात असू शकते, म्हणून ती ऑफिसच्या मेलवरूनच पाठवावी आणि वापरकर्त्याचे नाव आधी रिकामे करावे.