गेटजवळचं पिंप की घरोघरची बाटली? तळणीच्या तेलाबद्दल आमचा अनुभव

सोसायटीतलं तळणीचं उरलेलं तेल बायोडिझेलसाठी द्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो तो जमा कसं करायचं याचा. गेटजवळ एक पिंप ठेवायचं आणि ज्याने त्याने येऊन ओतायचं, की घरोघरी बाटल्या ठेवून महिन्यातून एकदा फेरी मारायची? नाशिकच्या आमच्या सोसायटीत ६४ घरं आहेत. दीड वर्ष आम्ही पिंप चालवलं, आता बाटल्या चालवतो. दोन्ही पद्धतींत मी स्वतः हात काळे केले आहेत, म्हणून लिहितोय. तेल मोरीत का ओतू नये, तेच तेल पुन्हा पुन्हा का तापवू नये, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पिंपाची सोय खरोखर मोठी आहे. वॉचमनच्या केबिनमागे ५० लिटरचं निळं पिंप, त्यावर नरसाळं आणि गाळणी. कुणाच्या वेळा सांभाळायला नकोत. दिवाळीत चकल्या, शेव, कडबोळी झाली की आठवड्याभरात ते भरत यायचं. तेल नेणाऱ्यालाही पिंपच आवडतं, कारण एका जागी गाडी लावली, पंप सोडला की त्याचं काम झालं. वास, मुंग्या, उंदीर ही गाऱ्हाणी आली, पण घट्ट झाकण आणि खाली विटांचा ओटा एवढ्यावर ती मिटली. तेवढ्यासाठी मी पिंप सोडलं नसतं.

सोडलं ते एका पावसाळ्यामुळे. गणपती झाल्यावर गाडी आली. त्या माणसाने नळी तळापर्यंत घालून थोडं तेल काढलं आणि छोट्या पातेल्यात गरम केलं. तेल तडतडायला लागलं. म्हणजे पाणी. मग पिंप कलतं करून बघितलं, तर तळाशी लालसर पाणी आणि मसाल्याचा गाळ. कुणीतरी मिसळीची उरलेली तर्री रश्श्यासकट ओतली होती. तर्री वर तेलासारखीच दिसते, त्यामुळे ओतणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. पण चाळीसेक लिटर तेल त्याने नेलं नाही, आणि त्याचं मला चुकीचं वाटत नाही.

त्याची अडचण अशी. तेलाचं बायोडिझेल करताना त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा किंवा तशीच क्षारी वस्तू घालून साधारण ६० अंशांना ढवळतात. ग्लिसरीन खाली बसतं, वर बायोडिझेल राहतं. हिशोब जमला तर १०० किलो तेलातून जवळजवळ तेवढंच बायोडिझेल मिळतं. वापरलेल्या तेलात मुळातच आम्लं वाढलेली असतात. त्यात पाणी आलं की साबण तयार होतो, मिश्रण दाटतं आणि थर नीट वेगळे होत नाहीत.

तेल वाया गेलं याहून मला जास्त लागलं ते पुढचं. कोणी ओतलं हे कळायला मार्गच नव्हता. नोटीस लावली तर प्रत्येकाला ती आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटलं. जिन्यात कुजबुज सुरू झाली. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या दर वेळी तेल मलमलच्या फडक्यातून गाळून, स्वतः जिना उतरून आणून ओतायच्या, त्यांचंही तेल त्याच पिंपात गेलं. त्यांना सांगताना मला शब्द सापडेनात.

बाटलीत हे होत नाही, कारण बाटली ज्याची त्याची असते आणि पारदर्शक असते. उन्हाकडे धरली की पाण्याचा थर खाली स्पष्ट दिसतो. आता मी फक्त म्हणतो, "वहिनी, ही दोन दिवस न हलवता ठेवा, वरचं तेल दुसऱ्या बाटलीत काढून पुढच्या फेरीला द्या." कुणाला वाईट वाटत नाही आणि दुसऱ्याचं तेल बिघडत नाही.

बाटलीचा त्रास नाही असं मात्र नाही. महिन्याचा पहिला रविवार कुणाला तरी द्यावा लागतो. काही घरं बंद असतात. कोमट तेल ओतून बाटल्या वाकड्या केलेले लोकही भेटले, तेव्हा पूर्ण गार झाल्यावरच ओता हे दोनतीनदा सांगावं लागतं. डिसेंबरच्या थंडीत डालडा बाटलीत थिजतो, तो उन्हात ठेवून काढावा लागतो. तेल पिंपापेक्षा थोडं कमी जमतं असाही माझा अंदाज आहे. पण गाडीवाल्याने त्यानंतर एकदाही तेल परत केलेलं नाही.

मेस, फरसाणवाले, केटरर यांना मी पिंपच सुचवेन. तिथे ओतणारा हात एकच असतो. शिवाय तळणीला दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागत असेल तर मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवणं भागच आहे, आणि पिंपाची नोंद सोपी पडते. दोनतीनशे घरांच्या संकुलात फेरी मारणं कदाचित झेपणार नाही. तिथे इमारतीगणिक एक माणूस नेमता आला तर बघा.

पद्धत कोणतीही घ्या, तेल कोण नेतो हे आधी विचारा. वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा 'रुको' हा उपक्रम आहे, त्यातला तो अधिकृत संकलक आहे का ते बघा आणि दर वेळी पावती घ्या. चार रुपये जास्त देणाऱ्या अनोळखी माणसाला तेल देऊ नका. ते गाळून, रंग उतरवून पुन्हा एखाद्या कढईत जाऊ शकतं, आणि त्या कढईतले वडे आपलीच मुलं शाळेतून येताना खातात.

सुरुवात करायची तर दसऱ्यानंतर लगेच बाटल्या वाटा, म्हणजे फराळाचं तेल पहिल्याच फेरीत येईल. आमचं निळं पिंप मी टाकलेलं नाही. तपासलेल्या बाटल्या आम्ही त्यातच रिकाम्या करतो. फक्त आता झाकणाला कुलूप आहे, आणि पहिली बाटली आजींची असते.