‘गॅसलाइट’ (1944): नजर ब्रोचवर आणि ज्योतीवर ठेवा

जॉर्ज क्यूकर यांचा ‘गॅसलाइट’ निव्वळ रहस्यपट म्हणून बघायला बसलात तर विरस होईल, कारण गुन्हेगार कोण हे फार लवकर कळतं. इथे बघायचं ते वेगळंच. शहाण्यासुरत्या बाईचा स्वतःच्या डोळ्या-कानांवरचा विश्वास पायरी-पायरीने कसा काढून घेतला जातो, ते हा चित्रपट दाखवतो. त्यातली पहिली पायरी म्हणजे एक पिढीजात ब्रोच, म्हणजे कपड्यावर लावायची शोभेची पिन.

पॉलाची (इन्ग्रिड बर्गमन) मावशी नामांकित गायिका होती. लंडनच्या राहत्या घरात तिचा खून झाला आणि तिचे मौल्यवान दागिने कधीच सापडले नाहीत. लग्नानंतर नवरा ग्रेगरी (शार्ल बॉयर) पॉलाला त्याच घरात राहायला आणतो. आपल्या आईकडून आलेला म्हणून एक ब्रोच तिला देतो, ‘तू वस्तू हरवतेस’ असं लाडाने म्हणतो आणि तो स्वतःच तिच्या पर्समध्ये ठेवतो. या प्रसंगात बर्गमनच्या चेहऱ्याकडे न बघता बॉयरच्या हातांकडे बघा. पुढे टॉवर ऑफ लंडनमध्ये ती पर्स चाचपते तेव्हा ब्रोच नसतो. मौल्यवान वस्तू हरवली एवढ्यावर हे थांबत नाही. घराण्याची ठेव आपण गमावली, ही लाज तिच्या मनात बसते आणि पुढच्या प्रत्येक आरोपाला तीच पाया पुरवते.

दिव्याचं कोडंही नीट समजून घ्या. घरातले दिवे गॅसवर जळणारे आणि घरभर गॅसची नळी एकच. दुसरीकडे कुठे दिवा लावला की दाब विभागला जातो आणि खोलीतली ज्योत बारीक होते. म्हणजे नवरा बाहेर गेल्यावर ज्योत उतरते, तेव्हा घरात आणखी कुठेतरी दिवा लागलेला असतो. पाठोपाठ बंद पोटमाळ्यावर पावलं वाजतात. हे कोणाला विचारावं, तर स्वयंपाकीणबाई एलिझाबेथला कमी ऐकू येतं! पटकथेतली ही गाठ फार हुशारीने मारली आहे. जोसेफ रटनबर्ग यांच्या छायाचित्रणात ज्योतीचा हा चढउतार भिंतीवर दिसतो, त्यामुळे खोलीत अंधार करूनच बघा. उजेडात किंवा मोबाइलवर निम्मा परिणाम वाया जातो.

उणिवाही आहेत. इटलीतला सुरुवातीचा भाग रेंगाळतो. जोसेफ कॉटन स्कॉटलंड यार्डचा अधिकारी आहे, पण बोलतो अमेरिकन ढंगात. उलट उद्धट मोलकरीण नॅन्सीच्या भूमिकेत अँजेला लॅन्सबरी आहे. तिचा हा पहिलाच चित्रपट, आणि नुसत्या बघण्यातून ती मालकिणीचा अपमान करते. मैफलीत नवऱ्याचं घड्याळ ‘हरवतं’ तो प्रसंग मात्र बर्गमनचा. चारचौघांत कोसळताना ती आवाज दाबायचा प्रयत्न करते, तो सुटतोच. तिला अभिनयासाठी ऑस्कर मिळालं. 7 नामांकनांपैकी दुसरं ऑस्कर कलादिग्दर्शनाला. सामानाने गच्च भरलेली ती घुसमटवणारी घरं पाहिली की त्याचं नवल वाटत नाही.

पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या 1938 च्या नाटकावर 1940 मध्ये ब्रिटनमध्येही चित्रपट झाला होता, थोरोल्ड डिकिन्सन यांचा. अमेरिकन आवृत्ती काढताना एमजीएम या स्टुडिओने त्याच्या प्रती नष्ट करायचा प्रयत्न केला, तरी तो वाचला. तो अधिक आटोपशीर आहे आणि त्यातला नवरा जास्त उघडपणे क्रूर आहे. आधी 1944 चा बघा, मग 1940 चा. ब्रोच तिथेही आहे, पण त्याच्यावर सोपवलेलं काम अगदी निराळं आहे.